आखूड करंगळी

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाने नवीन काही शिकू नये, असे आमच्या शेजाऱ्यांचे मत आहे. हे मत त्यांनी मला तोंडाने कधी सांगितले नाही. एका रविवारी सकाळी आमच्या दोन घरांमधल्या सामाईक भिंतीवर मुठीने तीनदा ठोकून सांगितले. मी त्या वेळी पेटीवर भूप रागाचा आरोह चौदाव्यांदा वाजवीत होतो. शेजारी मोठे सज्जन आहेत. तेरा वेळा त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतले होते.

मी ब्रह्मपुरीला महाविद्यालयात मराठी शिकवतो. मराठीचा प्राध्यापक आणि बाजाची पेटी ही जोडी महाराष्ट्राला नवी नाही. पु. ल. देशपांडे काही वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवीत असत आणि वसंतराव देशपांड्यांसारख्या गवयाच्या साथीला पेटीवर बसत. हा दाखला मी संध्याकाळी शेजाऱ्यांपुढे ठेवला. ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "ते खरं जी, सर. पण ते आधी शिकले असतील, मग वाजवत असतील." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी भिंतीला लागून ठेवलेली पेटी उचलून स्वयंपाकघराच्या बाजूला नेली. तेथे सौभाग्यवती आहेत. परंतु त्या भिंतीवर ठोकत नाहीत, भांड्यांवर ठोकतात.

ही पेटी माझी नव्हे, बाबांची. बाबा वैनगंगेकाठच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिक्षक होते. दिवसा ते मुलांना पाढे शिकवीत आणि दिवाळी झाली की होळीपर्यंत रात्री पेटी वाजवीत. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतल्या जंगलाच्या आणि धानाच्या मुलखाला आम्ही झाडीपट्टी म्हणतो. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पूर्वी त्याच्या जोडीला शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, घरोघरी पाहुणे, आणि रात्री नाटक. नाटक रात्री सुरू होते आणि पहाटे संपते. मधे कोणी उठून गेले तर ते चहा प्यायला, घरी नव्हे. ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडून गेले की वडसा लागते, त्यालाच देसाईगंज म्हणतात. या सगळ्या नाटक मंडळ्यांचे ते माहेर. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्याकडे लोकांनी एकमेकांना अशा आनंदाने सांगितले की जणू प्रत्येकाच्या सख्ख्या मामाला ती मिळाली होती.

बाबा काही कंपनीतले वादक नव्हते. गावातली हौशी मंडळी नाटक बसवीत, दंडार उभी करीत, भजनाला बसत. तेथे पेटी बाबांची. मी दहावीपर्यंत त्या पेटीच्या मागे सतरंजीवर झोपून मोठा झालो. बाबांनी मला तीन वेळा म्हटले, "ये, बस, सूर दाखवतो." तीनही वेळा माझी परीक्षा जवळ आली होती. मग मी नागपूरला शिकायला गेलो. तेथे वसतिगृहातल्या मुलांनी वडील काय करतात म्हणून विचारले की मी 'शिक्षक आहेत' एवढेच सांगत असे. रात्रभर दंडारीत पेटी वाजवणारा बाप मी तेथे कोणाला दाखवला नाही. चौथ्या वेळी बाबांनी विचारले नाही. ते गेल्यावर पेटी माळ्यावर गेली आणि अकरा वर्षे तेथेच राहिली.

ती खाली उतरली ती माझ्या मनात संगीताविषयी प्रेम उफाळून आले म्हणून नव्हे, तर माळ्याला वाळवी लागली म्हणून. ट्रंका, जुने दिवाळी अंक आणि माझ्या एम. ए.च्या टिपणवह्या यांच्यावर वाळवीने बारकाईने अभ्यास केला होता. पेटीला मात्र तिने हात लावला नव्हता. फक्त भात्याच्या घडीत उंदराने एक वाटोळे भोक पाडले होते. मी सहज एक पट्टी दाबून भाता ओढला. पेटीतून आधी नुसता श्वास आला आणि मग एक बारीक सूर. आतल्या खोलीत आई धान्य निवडीत होती. तिच्या हातातले सूप थांबले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने सूप पुन्हा हलू लागले. दुसऱ्या दिवशी मी पेटी दुरुस्तीला दिली.

या वाद्याला आपण 'आपले' म्हणतो, पण ते फ्रान्सचे. १८४०च्या दशकात पॅरिसच्या देबां नावाच्या गृहस्थाने हार्मोनियमचे एकस्व घेतले. ते पायाने हवा भरायचे, खुर्चीवर बसून वाजवायचे लाकडी धूड होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याच शतकाच्या उत्तरार्धात त्याला हातभाता दिला आणि मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांपुढे जमिनीवर बसवले. तरी या परदेशी सुनेचा सासुरवास संपला नाही. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी रुचत नसे. आक्षेप असा, की गळा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर वळत, घसरत जातो आणि पेटीला फक्त पायऱ्या चढता येतात. आक्षेप खरा आहे. पण माझ्यासारख्या शिकाऊ माणसाला पायऱ्याच बऱ्या. घसरायला मी स्वतः समर्थ आहे.

माझी पुतणी नागपूरला असते. तिच्याजवळ युकुलेली नावाचे चार तारांचे एक वाद्य आहे, खेळण्यातल्या गिटारीएवढे. तेही प्रवासीच. १८७९ साली मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर हवाईला उसाच्या मळ्यांत कामाला गेले, त्यांच्याबरोबर गेलेल्या छोट्या वाद्यातून ते तेथे घडले. पुतणी सुट्टीत आली की तेच हातात घेऊन घरभर फिरते. तिला तीनच सुरावटी येतात. त्या तीन सुरावटींवर ती सोळा गाणी म्हणते, समोर पाहुणे असोत की पोस्टमन असो. चुकली की हसते आणि पुढे जाते. मी तिला एकदा विचारले, "तुला भीती नाही का वाटत?" ती म्हणाली, "कशाची, काका?" मला त्या प्रश्नाचे उत्तर देता येईना. शंभर मुलांपुढे मी पन्नास मिनिटे ज्ञानेश्वरीवर बोलतो, तेव्हा माझा आवाज कापत नाही. पण दार वाजले की पेटीवरचे हात आपोआप मांडीवर येत.

सुरुवातीचे वर्षभर माझा गुरू मोबाईल होता. त्यात कोणी एक सद्‌गृहस्थ पेटीवर हात ठेवून 'आता हे बोट, आता ते बोट' असे सांगत आणि मी त्यांच्यामागून जाई. त्यांच्याबरोबर वाजवताना मला वाटे, आपल्याला आले. मोबाईल बंद केला की पेटीवर माझी दहा बोटे तेवढी उरत. एकदा मी माझेच वादन मोबाईलवर मुद्रित करून ऐकले. ज्यांना आपल्याविषयी गैरसमज दूर करायचे असतील त्यांनी हे जरूर करावे. सोप्या जागी मी घोड्यावर बसल्यासारखा धावत होतो आणि अवघड जागा आली की बैलगाडीत बसत होतो. मध्येच सूर फुगत होता, मध्येच विरत होता. वाजवताना यातले काहीएक मला ऐकू आले नव्हते. वाजवणारा माणूस बोटांकडे पाहत असतो. ऐकायला त्याला सवड कुठे?

असे असूनही मी स्नेहसंमेलनात स्वागतगीताला साथ करायचे कबूल केले, याला धाडस म्हणत नाहीत, दुसरे काहीतरी म्हणतात. चार मुली गाणार होत्या. आठ दिवस आम्ही तालीम केली, काळी चारमध्ये. त्या दिवशी मंडप भरला, समोर पाहुणे बसले, मुली घाबरल्या आणि घाबरून त्यांनी सूर धरला तो काळी पाचचा. एवढेच झाले. कोणत्याही पेटीवाल्याने हात तेवढा सरकवला असता. मला मात्र ते गाणे काळी चारखेरीज दुसरीकडून येतच नव्हते. मी दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या, त्या सर्व कळवळून ओरडल्या, आणि मी भाता बंद करून हात मांडीवर ठेवले. मुली बिचाऱ्या नुसत्या तबल्यावर शेवटपर्यंत गायल्या. मी तीन मिनिटे मंचावर, शंभर-दीडशे विद्यार्थ्यांच्या देखत, गप्प पेटीपुढे शोभेच्या कुंडीसारखा बसून होतो. टाळ्या पडल्या त्यांत माझ्याकडे पाहून हसणारे किती होते ते मी मोजले नाही. घरी येऊन पेटीवर चादर घातली. दोन महिने ती चादर काढली नाही.

ती काढायला लावली आईने. एके दिवशी ती म्हणाली, "तुझ्या बाबांसंगं भजनाला येत ते मास्तर आहेत अजून. जाऊन तर पाहा." हे मास्तर म्हणजे पेटीमास्तर. तीस वर्षे त्यांनी नाटक कंपन्यांत रंगमंचापुढे बसून ऑर्गन वाजवला. पुढे त्या जागी विजेवरचे कीबोर्ड आले, तरुण मुले आली, आणि मास्तर घरी आले. त्याविषयी त्यांची तक्रार नाही. "त्या डब्यात पाऊसबी आहे आनि बंदूकबी आहे," एवढेच ते कीबोर्डाविषयी बोलतात. कौतुकाने की कसे, ते कळत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, करंगळी जराशी ओढून पाहिली. काहीतरी बोलायला तोंड उघडले, आणि मग सुपारी कातरू लागले. "वाजवा," म्हणाले. मी भूप वाजवला. ते म्हणाले, "सर, तुमी पेटी वाजवता का सायकलीत हवा भरता जी?"

आमच्या झाडीबोलीत 'ळ' नाही. त्याचा 'र' होतो. 'ण' नाही, त्याचा 'न' होतो. मास्तर 'कारी चार' म्हणत, 'गरा' म्हणत. वर्गात मी मुलांना प्रमाण भाषेचे उच्चार शिकवणारा माणूस. पण पंधरा दिवसांत मीही मनातल्या मनात 'कारी चार' म्हणू लागलो, आणि खरे सांगतो, ती पट्टी मला पूर्वीपेक्षा जवळची वाटू लागली.

पहिला महिना मास्तरांनी मला एकच सूर वाजवायला लावला. उजव्या हाताचे एक बोट षड्जावर, डावा हात भात्यावर. पेटीच्या पोटात आणखी एक भाता असतो, स्प्रिंगवर बसवलेला. आपण हलवतो तो बाहेरचा भाता त्याला हवा पुरवतो आणि सूर बोलतात ते आतल्या भात्यावर. आतला भाता भरलेला राहिला की सूर सरळ राहतो. बाहेरचा भाता घाईने मारला की सूर गचके खातो. हे वाचायला दहा सेकंद लागतात, डाव्या हाताला समजायला सव्वा महिना लागला. मग मास्तर दिवा मालवत. अंधारात वाजवायचे. पट्ट्या दिसत नाहीत म्हटल्यावर बोटे चाचपडत, मग हळूहळू काळ्या पट्ट्यांच्या दोन आणि तीनच्या जोड्या बोटांना ओळखीच्या होत, आणि एक दिवस असा आला की मला माझा सूर ऐकू आला. कान इतके दिवस डोळ्यांच्या मागे उभे होते, ते पुढे आले.

त्यानंतर पट्टी बदलणे. तेच गाणे पांढरी एकमधून, तेच काळी एकमधून, पांढरी दोनमधून. बोटे दरवेळी निराळी. अंगठा काळ्या पट्टीवर चढवायचा नाही, म्हणून वाट निराळी. मी कुरकुर केली तेव्हा मास्तरांनी नाटकातली गोष्ट सांगितली. पौषातली थंडी, उघडे मैदान. रात्री पहिल्या अंकात काळी दोनमध्ये गाणारा नट पहाटे तीनला शेवटच्या अंकात आला की त्याचा गळा अर्ध्या सुराने उतरलेला असे. तो काही सांगत नसे; त्याला स्वतःलाच ठाऊक नसे. तो तोंड उघडी आणि मास्तर पांढरी दोनवर जाऊन त्याच्याखाली सूर धरीत. "गान्याऱ्याचा गरा रोज सारका नसते जी. आपन त्याच्याकडे जावं लागते. तो आपल्याकडे नाई येत." स्नेहसंमेलनाची हकिकत मी त्यांना सांगितली नव्हती. गाव लहान आहे. सांगावी लागत नाही.

आणि चुकण्याविषयी त्यांचा एकच नियम होता. "चुकला त चुकला. हात उचलू नोका. भाता थांबला का मंग लोकायले समजते." हा नियम ऐकायला सोपा वाटतो. पण ज्याने वीस वर्षे उत्तरपत्रिकांतल्या चुकांखाली तांबड्या रेघा ओढल्या आहेत, त्याला आपली चूक तशीच मागे टाकून पुढच्या सुरावर जाणे किती जड जाते हे त्यालाच माहीत. माझा हात चुकीच्या जागी परत जाऊन ती दुरुस्त करून येई, तोवर तबला दोन मात्रा पुढे गेलेला असे.

गेल्या वर्षी कोजागिरीला मास्तरांनी मला सांगितले, की आमच्या आळीजवळच्या देवळात काकड्याला पेटी वाजवणारे गृहस्थ आजारी आहेत, उद्यापासून तुम्ही बसा. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर, पहाटे साडेचारला. मी म्हटले, मला जमणार नाही. ते म्हणाले, जमणार नाहीच, पण बसा. हे देऊळ गावाच्या टोकाला आहे. पलीकडे धानाच्या बांध्या आणि त्यापलीकडे जंगल. ब्रह्मपुरी वनविभागातले वाघ वर्तमानपत्रात नेहमी असतात, कधी कधी बांधीतही असतात. म्हणून सर्व मंडळी काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन एकत्र निघतात. एकजण मला म्हणाला, "पेटी वाजू लागली का वाघ इकडे येत नाई जी." हे पेटीविषयी होते की माझ्या वाजवण्याविषयी, हे मी विचारले नाही.

तेथे श्रोते नव्हते. बारा-तेरा म्हातारी माणसे, दोन लहान मुले आणि दाराशी एक कुत्रा. सगळे गात होते. ऐकायला कोणी मोकळे नव्हते. पहिल्या दिवशी मी दहा वेळा चुकलो आणि कोणी मान वळवली नाही. टाळ चालू, मृदंग चालू, आवाज चालू. मी थांबलो असतो तरी ते थांबले नसते; म्हणून मीही थांबलो नाही. चौथ्या दिवशी एका आजीने आपली ओवी भलत्याच पट्टीत सुरू केली. माझा हात सरकून तिच्या सुराखाली जाऊन बसला, आणि ओवी अर्धी झाल्यावर माझ्या ध्यानात आले की आपण पट्टी बदलली. हात थंडीने आखडले होते, छातीत मात्र एकदम ऊब आली. आजीने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिला काही झाले आहे याची गंधवार्ता नव्हती.

एक जागा मात्र महिनाभर सुटली नाही. एका जुन्या चालीत गंधारावरून एकदम तार षड्जावर उडी आहे. अंगठा गंधारावर आणि करंगळी वर षड्जावर. माझी करंगळी आखूड आहे. ती पोचता पोचता शेजारच्या निषादाला चाटून जाते आणि नको तो सूर उमटतो. मास्तरांनी तोड सांगितली होती, की उडी मारू नका, मधल्या पंचमाला शिवून जा. घरी ते जमे. पहाटे थंडीत पुन्हा निषाद.

कार्तिकी पौर्णिमेला काकड्याची समाप्ती होती. त्या दिवशी आई आली होती. थंडीमुळे ती महिनाभर आली नव्हती. ती खांबाला टेकून घोंगडी पांघरून बसली. ती चाल आली, उडी आली, करंगळी निषादाला लागली, मी पुढे गेलो. सर्व आटोपल्यावर प्रसादाची वाटी घेऊन परत येताना मी तिला विचारले, "ऐकू आलं ना? तिथं चुकलो मी."

"तिथंच," आई म्हणाली. चालता चालता ती थांबली आणि तिने पदराने डोळे पुसले. धुके होते, मला वाटले त्यानेच. "तुझे बाबाही तिथंच अडत, बाबू. इतकी वर्षं. घरी बसून तेवढंच घोटत, आणि देवळात गेले की तिथंच."

मी बाबांना इतकी वर्षे ऐकले, सतरंजीवर झोपून ऐकले. ते कुठे चुकतात हे मला कधी कळले नव्हते.

संध्याकाळी मी मास्तरांकडे गेलो आणि त्यांना विचारले. ते सुपारी कातरीत होते. अडकित्ता तसाच हातात धरून ते हसू लागले.

"हाव जी. करंगरी पायली तवाच समजलं होतं मले." मग त्यांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. "वाजवा. गंधारापासून."